बोट लागली तर?

"बोटीत बसायचं? मी नाही बाई! तुम्ही जा सगळे, मी घर सांभाळते."

एवढं बोलून सासूबाई ताटावरून उठल्या. आमच्या ह्यांची पन्नाशी होती. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सगळं घर मिळून कुठे गेलोय असं झालंच नव्हतं. कधी मुलांच्या परीक्षा, कधी घराचा हप्ता, कधी माझ्या बचत गटाच्या बैठका. म्हणून यंदा मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझचा बेत ठरला. मुलं तर नाचायलाच लागली. आणि आईंनी एका वाक्यात सगळ्यावर पाणी टाकलं.

"अगं, म्हातारपणी असंच असतं. चार दिवसांनी होतील तयार," असं ननंदेने फोनवर सांगितलं. ह्यांचंही तेच, "काही होत नाही गं आई, हजारो लोक जातात." पण मला राहून राहून वाटत होतं, ही नुसती म्हातारपणाची कुरकुर नाही.

आम्ही पेणला राहतो. आईंचं माहेर रेवसच्या बाजूचं. दरवर्षी दिव्याच्या अवसेला त्या सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि एक दिवा वेगळा, खिडकीत लावतात. मी सून म्हणून आले तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "आमच्याकडे लावतात." मीही पुढे खोदलं नाही. या वेळी रात्री त्यांचे पाय चेपता चेपता पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं, तो दिवा त्यांच्या मामाचा. मामा मुंबईत गिरणीत कामाला. सुट्टीला घरी यायला भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसला, तो आलाच नाही. ती बोट 'रामदास'.

१७ जुलै १९४७ ची ही गोष्ट. आषाढातली अवस, भर पावसाळा, समुद्र खवळलेला. सकाळी निघालेली रामदास बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी, काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलंडली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि थोड्याच वेळात बोट गेली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचवलं. सकाळच्या अपघाताची बातमी मुंबईत पोचायला दुपार उजाडली! आईंचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी मामा पाहिलाच नाही. पण आजीचं रडणं ऐकत त्या मोठ्या झाल्या. या बाईला "काही होत नाही" म्हणून कसं चालेल?

आमच्या बचत गटात एखादी बाई पहिल्यांदा कर्ज घ्यायला बिचकते, तेव्हा आम्ही तिला "घाबरू नकोस" असं म्हणत नाही. "कशाची भीती वाटते ते एकेक सांग, आपण लिहून काढू," म्हणतो. भीतीचा गोळा असतो तोवर ती मोठी दिसते. कागदावर उतरली की तिचे पाच-सहा प्रश्न होतात, आणि प्रश्नाला उत्तर शोधता येतं. हेच घरी का करू नये? मुलाची जुनी वही घेतली आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांना बसवलं. प्रत्येकाने आपापली काळजी सांगायची, आणि कुणी कुणाला हसायचं नाही!

मैत्रिणींनो, वहीत काय काय निघालं म्हणून सांगू! आईंचं पहिलं, "बोट बुडाली तर?" दुसरं, "बोट लागली तर?" ह्यांना पैशांची काळजी. ठरलेल्या भाड्यावर आणखी किती निघतील? लेकीने कानात सांगितलं, "आई, तेव्हाच पाळी आली तर?" बारा वर्षांच्या चिरंजीवांना मोबाइलला रेंज मिळेल की नाही याची चिंता. आणि माझी? मी लिहिलं, "आपण तिथे शोभू का?" खरं सांगते, मला बुडण्यापेक्षा त्याचीच भीती जास्त होती. तिथे सगळे इंग्रजी बोलणार, काटे-चमच्याने खाणार, आणि आपण पंजाबी ड्रेस घालून कोपऱ्यात!

मग उत्तरं शोधायला लागलो. बुकिंग करणाऱ्या मुलाला मी इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, "काकू, एवढं कुणीच विचारत नाही." म्हटलं, "बाळा, न विचारता पैसे भरणारे नंतर भांडतात."

आईंच्या पहिल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं नाही. समुद्रात अपघात होतात. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं गेली, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलंच होतं. पण रामदासच्या काळात आणि आजच्या क्रूझमध्ये काय फरक आहे, ते मी वाचून त्यांना सांगितलं. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर सगळ्या माणसांना पुरतील एवढ्या जीवरक्षक नावाच नव्हत्या. त्यातून धडा घेऊन १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात पुढे वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. आता अशा जहाजावर प्रत्येक माणसासाठी नावेत किंवा तराफ्यावर जागा ठेवावी लागते. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे मोठं जहाज खडकावर आपटलं. ३२ जण गेले. नव्याने चढलेल्या प्रवाशांना काय करायचं ते शिकवायच्या आधीच ते घडलं होतं. म्हणून २०१५ पासून नियम कडक झाला. धोक्याच्या वेळी कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, हे जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी शिकवायलाच हवं.

"म्हणजे आधी माणसं गेली, मग शहाणपण आलं," आई म्हणाल्या. म्हटलं, "हो आई, पण आलं ना!"

नुसत्या बोलण्याने भीती जात नाही, म्हणून एक तालीम केली. २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते. गाडीसकट माणसं नेणारी, तासाभराचा प्रवास. एका रविवारी आईंना घेऊन निघाले. चढताना त्यांनी माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली! अर्ध्या वाटेत हात सैल झाला. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर त्या बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मीही काही बोलले नाही. परतीच्या बोटीत त्यांनी स्वतः चहा मागवला. तेव्हाच मी ओळखलं, आई येणार. तुमच्या घरी असं भिणारं कुणी असेल, तर जवळच्या तलावात नाहीतर खाडीत, चांगल्या हवेच्या दिवशी, जॅकेट घालून आधी एक छोटी फेरी जरूर करा.

दुसरा प्रश्न बोट लागण्याचा. कोकणच्या बोटी बंद होऊन किती वर्षं झाली, पण शब्द अजून आहे बघा! हे का होतं, ते आमच्या डॉक्टरांनी समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. त्याला हलल्याचं कळतं, पण खोलीत बसलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. दोघांच्या भांडणात डोकं गरगरतं आणि मळमळतं. त्यामुळे मळमळायला लागलं की खोलीत पडून मोबाइल बघू नये. वर मोकळ्या हवेत जावं आणि लांबवर, जिथे आकाश पाण्याला टेकतं तिथे नजर लावावी. उपाशी राहू नये आणि तेलकटही खाऊ नये. आल्याची वडी जवळ ठेवावी. गोळी घ्यायची तर बोट हलायच्या आधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते. रक्तदाब, काचबिंदू वगैरे असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

आणखी एक युक्ती कळली. झोका पाळण्याच्या टोकाला जास्त आणि मध्यावर कमी, तसंच जहाजाचं. म्हणून वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची किंवा मागची खोली न घेता खालच्या मजल्यावरची मधली घ्यावी. ती बहुधा स्वस्तही पडते! मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांनी डोलणं कमी होतं. शिवाय आम्ही पावसाळा टाळून हिवाळ्यातली तारीख घेतली.

ह्यांच्या काळजीसाठी एक पान वेगळं केलं. जाहिरातीतलं भाडं म्हणजे सगळा खर्च नव्हे. बंदराचा आकार, जीएसटी, सेवेचे पैसे त्यात धरलेत का? जेवणात काय येतं आणि कशाचे वेगळे पडतात? किनाऱ्यावर उतरून फिरायचे किती? जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचीही फी असते. बेत रद्द झाला तर किती परत मिळणार? हे सगळं लेखी घ्या. शिवाय जहाजावर बरीच खरेदी कार्डावर मांडली जाते आणि बिल शेवटी येतं. हातातून नोट जात नाही म्हणून खर्च जाणवत नाही. आम्ही मुलांना आधीच आकडा ठरवून दिला होता.

लेकीला मी म्हटलं, "आली तर आली. सामान जास्तीचं घे आणि हातातल्या पिशवीत ठेव." हे सगळ्यांनाच लागू आहे. मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात आणि खोलीत उशिरा पोचवतात. त्यामुळे औषधं, ओळखपत्रं, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातात हवा. देशातल्या देशात आधार किंवा तसं ओळखपत्र लागतं. परदेशी जाणारं जहाज असेल तर पासपोर्ट, आणि त्याची मुदतही बघून ठेवावी. घरात कुणी गरोदर असेल तर बुकिंगच्या आधी विचारा, दिवस बरेच गेले असतील तर घेत नाहीत. चिरंजीवांना सांगितलं, भर समुद्रात रेंज नाही. आणि पोहण्याच्या तलावापाशी मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही, कठड्यावर चढायचं नाही.

बॅगा भरताना आईंनी निरांजन आणि फुलवाती काढल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. पण जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही चालत नाही. इस्त्रीसुद्धा नाही. "मग नुसतं फूल सोडते पाण्यात," म्हणाल्या. तेही नाही! समुद्रात काहीच टाकायचं नसतं. आई क्षणभर गप्प झाल्या. मग निरांजन देव्हाऱ्यात ठेवत म्हणाल्या, "राहू दे. हात तर जोडता येतील ना?"

निघायचा दिवस आला. मुंबईत ते दहा मजली जहाज पाहून आई म्हणाल्या, "ही बोट कसली, ही तर चाळ आहे!" चढल्यावर सगळ्यांना नेमून दिलेल्या जागी जमवलं. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला तर तो धोक्याचा, हे शिकवलं. बरेच जण फोटो काढत होते. आमच्या आई मात्र शाळेतल्या मुलीसारखं ऐकत होत्या. तिथल्या मुलीने जॅकेट घालून दाखवलं, तर म्हणाल्या, "मला घालू दे गं एकदा." तिने पट्टे नीट बांधून दिले. आई त्या नारिंगी जॅकेटवरून हात फिरवत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "मामाकडे हे असतं तर..."

संध्याकाळी जहाज हललं. आम्ही सगळे वर उभे होतो. मुंबईचे दिवे मागे पडत होते. ह्यांनी बोटाने दाखवलं, "आई, रेवस त्या बाजूला." बंदराच्या तोंडाशी आल्यावर आईंनी पदर सारखा केला आणि त्या अंधाऱ्या पाण्याकडे बघून हात जोडले. मुलांनीही जोडले. कुणी काही सांगितलं नव्हतं.

बाकी मग काय, मजा झाली! जेवणात साधं वरणभातही होतं आणि माझा पंजाबी ड्रेस कुणी बघितलासुद्धा नाही. उलट जळगावच्या, सोलापूरच्या माझ्यासारख्याच चारजणी भेटल्या. त्यांनाही वाटत होतं, आपण शोभू का! बोट लागली ती फक्त आमच्या ह्यांना, एक रात्र. सगळ्यांना "काही होत नाही" म्हणणारे हेच! आईंनीच त्यांना आल्याची वडी दिली आणि वर नेऊन क्षितिज बघत बसवलं.

ती वही आता आमच्याकडे नाही. समोरच्या वहिनी मे महिन्यात निघाल्यात, त्यांनी नेलीय. त्यांच्या सासूबाई बिचकत होत्या, तर आमच्या आई स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलल्या. परत आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत हो आई?"

"सांगायचं काय? आधी विचारलं, तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते?"