पाहुणे आले पीसीवर!

सुट्टीत घरी गेलात की ‘जरा कॉम्प्युटर लाव बरं’ म्हणणारी मंडळी दारात हजर! त्यांना नाही म्हणवत नाही आणि आपलं बँकेचं खातंही उघडं टाकवत नाही... मग करायचं काय?

गोरेगाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वेस्टर्न लाइन येणार, फिल्मसिटी येणार, संध्याकाळची गर्दी येणार. हरकत नाही, सवय आहे आम्हाला! पण महाराष्ट्रात गोरेगावं बरीच आहेत. एक रायगडात माणगाव तालुक्यात, एक गोंदियात (ते तर चक्क तालुक्याचं ठिकाण), आणि एक आमचं, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं. हा जिल्हाच मुळी १ मे १९९९ चा. त्याआधी आम्ही परभणीकर. ऑनलाइन फॉर्ममध्ये जिल्हा, तालुका, गाव अशा एकाखाली एक खिडक्या उघडतात ना, त्यात आमचं गाव शोधायचं तर आधी हिंगोली, मग सेनगाव असं खाली खाली उतरत जावं लागतं.

आणि या खिडक्या आमच्या घरी रोज उघडतात. अण्णा रिटायर्ड शिक्षक, म्हणजे अख्ख्या गावाचे गुरुजी. ओसरीत टेबल, टेबलावर पीसी, शेजारी प्रिंटर, खाली लाइट गेली की टूं टूं करणारा यूपीएस. जून उजाडला की ‘गुरुजी, तेवढा सातबारा काढून देता का?’ सुरू. मग दहावी-बारावीचे निकाल, अ‍ॅडमिशन, महाडीबीटीची स्कॉलरशिप, पोलीसभरती, खरिपाचा पीक विमा. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा तर ओसरीबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. सेवा केंद्रं आहेत, नाही असं नाही. पण तिथं लाइन असते, आणि गुरुजी घरचेच!

मी पुण्याहून सुट्टीला गेले की या खात्याचा चार्ज माझ्याकडे येतो. ‘ताई, तुम्हीच भरा की, तुमचं इंग्लिश चांगलंय.’ (फॉर्म मराठीत असला तरी हेच.)

गेल्या खेपेला मी त्या पीसीचं डाउनलोड्स फोल्डर उघडलं आणि गार पडले. गावातल्या निम्म्या ओळखीच्या माणसांची कागदपत्रं तिथं मुक्कामाला! आधार, पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलींचे फोटो, सह्यांचे स्कॅन. कोणी वाईट हेतूनं ठेवलेलं नव्हतं. फाइल उतरली, प्रिंट निघाली, माणूस चहा पिऊन गेला, फाइल राहिली. एवढंच.

आता गंमत बघा. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून आपण निर्धास्त. पण तो पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं साल. गावात कोणाचं नाव आणि साल कोणाला माहीत नसतं? म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली तुळशीवृंदावनात.

‘घरच्या कॉम्प्युटरवर पाहुणे’ म्हटलं की आपण आधी आपलंच टेन्शन घेतो. आपला जीमेल, आपलं नेटबँकिंग, आपले फोटो. ते बरोबरच आहे. पण या ओसरीत आपल्यापेक्षा जास्त उघडा पडतो तो पाहुणा. तो आपले सगळे कागद आपल्या मशिनवर ठेवून निघून जातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. सायबर कॅफेला निदान नियम होते. २०११ च्या नियमांनुसार ओळखपत्र बघायचं, नोंदी वर्षभर जपायच्या, इतकंच काय, केबिनचं पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको! घराला असलं काही नाही. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदासुद्धा निव्वळ खासगी, घरगुती वापराला लागू होत नाही. इथं जो काही नियम असेल तो आपणच करायचा.

कुलूप नको, ढाळज हवी

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच. पासवर्ड टाका, विषय संपला. अण्णांनीही टाकून पाहिला. दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका विचारते झाले, ‘गुरुजी, कम्प्युटरला बी कुलूप लावलं काय? आम्ही काय चोर हाव का?’ संध्याकाळपर्यंत पासवर्ड सगळ्या आळीला पाठ. कारण तो अण्णांनीच सांगितला होता! पाहुण्याला दारात उभं करणं आपल्या रक्तात नाही, मग पासवर्ड तरी कसा टिकणार?

पण आमच्याकडच्या जुन्या वाड्यात यावर उत्तर होतंच. मोठ्या दारातून आत आलं की ढाळज. बैठक तिथं, पानसुपारी तिथं, गप्पा तिथं. पाहुण्याचा पूर्ण मान राखला जायचा, आणि तरी तो माजघरात किंवा देवघरात शिरायचा नाही. कोणाला त्यात अपमान वाटायचा नाही. कॉम्प्युटरवरचं वेगळं यूजर अकाउंट म्हणजे डिट्टो हीच ढाळज.

खरं तर ही ढाळज विंडोजमध्ये रेडीमेड मिळायची. २००१ साली एक्सपी आलं, त्यात ‘गेस्ट’ नावाचं अकाउंट होतं, फक्त चालू करायचं. वापरलं किती जणांनी? एक्सपीत सेटअपच्या वेळी बनवलेली सगळी अकाउंट्स अ‍ॅडमिनच असायची, तीही पासवर्डशिवाय, त्यामुळे घरोघरी एकच ‘ओनर’ आणि सगळे त्यावरच. पुढे २०१५ ला विंडोज १० आलं आणि ही तयार गेस्टची सोय मायक्रोसॉफ्टनं काढूनच टाकली. आता ढाळज आपणच बांधायची.

काम पाच मिनिटांचं आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग ‘अदर यूजर्स’, तिथं ‘अ‍ॅड अकाउंट’. मायक्रोसॉफ्ट लगेच ईमेल मागतं. देऊ नका. ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाची छोटी लिंक खाली असते ती दाबा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडण्याचा पर्याय घ्या. नाव ‘गेस्ट’ देऊ नका, विंडोज ते स्वीकारतच नाही. मी ‘पाहुणे’ दिलं, तेही रोमन अक्षरांत, कारण काही जुनी सॉफ्टवेअर्स देवनागरी नावाच्या फोल्डरला अडखळतात. पासवर्ड रिकामा ठेवला तरी चालतो. नव्या अकाउंटचा प्रकार आपोआप ‘स्टँडर्ड’ असतो, तो तसाच राहू द्या. म्हणजे पाहुण्याला तुमचे डॉक्युमेंट्स दिसत नाहीत, आणि सिस्टिमला हात घालणारं काही इन्स्टॉल करायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. (सगळंच अडतं असं नाही हं! क्रोमसारखी काही सॉफ्टवेअर्स त्या एका यूजरपुरती बसतात. भाच्यांना हे आपल्या आधी कळतं.)

आणि मुख्य म्हणजे तुमच्या स्वतःच्या अकाउंटला पासवर्ड किंवा पिन हवाच. शेजारच्या आयकॉनवर क्लिक केलं की आत जाता येत असेल तर ढाळज बांधून काय उपयोग? अण्णांना मी पटवलं, ‘तुमचा पासवर्ड कोणाला नाही म्हणायची गरजच नाही. पाहुण्यांचं वेगळं आहे म्हणा, बिनपासवर्डचं.’ हे त्यांना एकदम पटलं. नकार द्यावा लागत नव्हता ना!

डी ड्राइव्हची भानगड

इथं बहुतेक लोक थांबतात, आणि खरी मेख इथंच आहे. आपल्याकडचे असेंबल्ड पीसी आठवा. हार्डडिस्कचे सी, डी, ई असे तुकडे, आणि दुकानदाराचा सल्ला, ‘महत्त्वाचं सगळं डीमध्ये टाका, फॉरमॅट मारलं तरी जात नाही.’ सल्ला चुकीचा नव्हता. पण विंडोज प्रत्येक यूजरला जे खासगी फोल्डर देतं ते सी ड्राइव्हवर असतं. डीवर साध्या फोल्डरमध्ये ठेवलेलं सगळं बाय डीफॉल्ट कुठल्याही यूजरला उघडतं, बदलता येतं, उडवताही येतं! अण्णांच्या पेन्शनची कागदपत्रं, माझ्या लग्नाचे फोटो, सगळं डीमध्ये. म्हणजे पाहुणा ढाळजेत बसलाय आणि आपलं कपाटही ढाळजेतच.

मी सरळ ते सगळं अण्णांच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवलं. जागा कमी पडत असेल तर डीवरच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’ टॅबवर जाऊन इतरांच्या परवानग्या काढता येतात, पण त्यात गोंधळ उडू शकतो. आधी बॅकअप घ्या.

पाहुण्यापासून पाहुण्याला

दुसरी मेख याहून बारीक. ‘पाहुणे’ हे एकच अकाउंट सगळ्यांना. म्हणजे सकाळी आलेल्या मुलानं जीमेल उघडं सोडलं तर दुपारी आलेल्याला ते दिसणारच. घर सुरक्षित झालं, पाहुणे एकमेकांना उघडेच! मॅकवाल्यांना हे टेन्शन नाही, तिथला ‘गेस्ट यूजर’ लॉगआउट झाला की त्याचं फोल्डरच पुसलं जातं. विंडोजमध्ये थोडी खटपट करावी लागते.

एक म्हणजे ब्राउझर. क्रोमच्या प्रोफाइल मेन्यूत गेस्ट विंडो असते. ती बंद केली की हिस्ट्री, लॉगिन, कुकीज सगळं जातं, व्हॉट्सअ‍ॅप वेबसुद्धा बंद होतं. पाहुण्यांना मेन्यू शोधायला लावू नका. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या शेवटी एक जागा सोडून दोन डॅश आणि त्याला चिकटून रोमन छोट्या अक्षरांत ‘गेस्ट’ लिहा. आता त्या आयकॉनवरून क्रोम गेस्टमध्येच उघडतं. पण गेस्ट विंडो बंद झाली तरी उतरवलेल्या फाइल्स जात नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. ते आधार डाउनलोड्समध्ये तसंच बसलेलं असतं.

म्हणून दुसरं, स्टोरेज सेन्स. ‘पाहुणे’मध्ये साइन इन करून सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथं हे चालू करायचं, दररोज चालव म्हणायचं, आणि डाउनलोड्स व रिसायकल बिन या दोन्हींसाठी मुदत एक दिवसाची. एक दिवस न उघडलेली फाइल विंडोज स्वतःच काढून टाकतं. स्कॅनरची कागदपत्रंही त्याच फोल्डरमध्ये सेव्ह होतील असं बघा, नाहीतर ती ‘पिक्चर्स’मध्ये साठत राहतात. ज्याला आधार पाहिजे त्याला ‘मास्क्ड’ काढून द्या, जिथं चालत असेल तिथं. त्यावर नंबरचे शेवटचे चारच आकडे असतात.

अर्थात हे सगळं ओसरीत बसणाऱ्या भल्या माणसांसाठी. कोणी हार्डडिस्कच काढून नेली तर यूजर अकाउंट काही अडवत नाही, त्यासाठी डिस्क एन्क्रिप्शन हवं. आणि पीसी विंडोज १० वर असेल तर अकाउंट्स चालतात, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हे घरच्यांच्या कानावर घालाच.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही हेच लागू आहे. परीक्षेला आलेला मावसभाऊ, रूममेटचा मित्र, ‘फक्त तिकीट काढायचंय’ म्हणणारी मैत्रीण... सगळ्यांसाठी ढाळज एकच. फक्त ऑफिसचा लॅपटॉप त्यात मोजू नका. तो कंपनीचा आहे, त्यावर पाहुण्याचं अकाउंट काढायचा अधिकार आपल्याला नाही. तो बॅगेत, आणि बॅग आतल्या खोलीत. कोणी मागितला तर आयटीवाल्यांवर ढकला, ते त्यासाठीच असतात!

आमच्या ओसरीतली व्यवस्था सध्या बरी चाललीये. मॉनिटरच्या वर अण्णांनी फळ्यावरच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय: ‘काम झाल्यावर साइन आउट करावे. मूळ कागदपत्रे स्कॅनरमध्ये विसरू नयेत. चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.’