चिलापी काळवंडते तेव्हा
चिलापी काळवंडली की मत्स्यपालक रोगाच्या शंकेने तळ्यात औषध टाकावयास निघतो. ही घाई पुष्कळदा अनाठायी असते. माशाच्या त्वचेतील रंगपेशींत मेलॅनिनचे सूक्ष्म कण असतात. डोळ्यांना गडद तळ दिसला की मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीतून एमएसएच हे संप्रेरक रक्तात उतरते. कण पेशीभर पसरतात व अंग काळवंडते. फिकट तळावर एमसीएच हे संप्रेरक तेच कण पेशीच्या मध्यभागी गोळा करते. त्याची रचना १९८३ मध्ये साल्मन माशाच्या पीयूषिकेवरून उलगडली.

अंधेरीच्या वर्सोवा भागातील, १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेपर्यंत प्रत्येक शाळा कोठून पोहोचणार? शिक्षकांनी काळ्या व पांढऱ्या घमेल्यांत चिलापी ठेवून हा पालट वर्गातच दाखवावा. तळ न बदलताही मासा काळवंडल्यास मात्र प्रथम गर्दी व पाण्यातील प्राणवायू तपासावा.