बोक्यांचा हिशेब

६ जानेवारी २०२५, सोमवार, सकाळचे साडेअकरा. नाताळची सुट्टी संपवून ब्रिटनमधला नोकरदार जेमतेम कामाला लागला होता. तेवढ्यात लंडन शेअर बाजारातल्या अव्वल शंभर कंपन्यांच्या मुख्याधिकाऱ्यांची कमाई त्याच्या वर्षभराच्या पगाराच्या पुढे गेलीसुद्धा. त्याचे वर्षाचे ३७,४३० पौंड, त्यांचे ४२ लाख २० हजार. म्हणजे ११३ पट.

या गलेलठ्ठ बोक्यांचा हिशेब दर जानेवारीत मांडते ‘हाय पे सेंटर’ ही लंडनमधली छोटी संशोधन संस्था. तिचे मूळ ‘हाय पे कमिशन’मध्ये आहे. नाव सरकारी थाटाचे असले तरी कमिशन स्वतंत्र होते आणि अध्यक्षपदी होत्या पत्रकार डेबोरा हारग्रीव्ह्ज. २०११च्या अहवालात त्यांनी बार्कलेज बँकेचे उदाहरण दिले. तीसेक वर्षांपूर्वी तिथल्या प्रमुखाला ८७,३२३ पौंड मिळत, सामान्य कर्मचाऱ्याच्या साडेचौदा पट. आता ते ४३ लाखांच्या वर, ७५ पट झाले होते.

जानेवारीच्या गणितात साहेब रोज साडेबारा तास राबतो असे धरतात. म्हणजे माप त्याच्याच बाजूला झुकते. तरी ‘ॲडम स्मिथ इन्स्टिट्यूट’सारखे बाजारवादी चिडतात. या कमाईतला मोठा वाटा रोख नसून शेअर्सचा असतो, हा त्यांचा आक्षेप खराच आहे.

पण शेअर्सची गंमत पर्सिमन या घरबांधणी कंपनीत दिसली. २०१२ साली तिथे बोनसची योजना आखली गेली, कमाल मर्यादेशिवाय. पुढच्याच वर्षी सरकारने घर घेणाऱ्यांसाठी ‘हेल्प टू बाय’ ही मदतीची योजना आणली. करदात्यांच्या पैशावर घरे खपली, शेअर चढला आणि मुख्याधिकारी जेफ फेअरबर्न यांचा बोनस दहा कोटी पौंडांच्या पुढे गेला. ओरड झाल्यावर तो साडेसात कोटींवर आला. २०१८च्या नोव्हेंबरात कंपनीने त्यांना पद सोडायला सांगितले.

याआधीचा गदारोळ १९९५चा. ब्रिटिश गॅसचे प्रमुख सेड्रिक ब्राउन यांना ७५ टक्के पगारवाढ मिळाली, तेव्हा कामगारांनी वार्षिक सभेला ‘सेड्रिक’ नावाचे जिवंत डुक्कर आणले. मग संचालकांच्या पगाराचा विचार करणाऱ्या ग्रीनबरी समितीने प्रत्येक संचालकाची कमाई जाहीर करायला लावली. आकडे उघडे पडले की लाजेने आटोक्यात येतील, ही अपेक्षा भाबडी ठरली. शेजारच्या कंपनीचा आकडा आयताच हाती आला आणि आपला साहेब मागे राहिलेला कुठल्याच संचालक मंडळाला परवडेना.

म्हणून पगार ठरवणाऱ्या समितीतच कामगारांचे प्रतिनिधी हवेत, अशी सेंटरची मागणी आहे. २०१६ साली पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी त्या वर्षी संचालक मंडळांत कामगार बसवण्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात तो अनेक पर्यायांपैकी एक पर्याय उरला. ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक कर्मचारी असलेल्या सूचीबद्ध कंपन्यांना पगाराचे गुणोत्तर छापण्याची सक्ती मात्र २०१८च्या नियमांनी आली. भारत इथे ब्रिटनच्या पुढे होता, हे फारसे कुणी सांगत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७नुसार आपल्या सूचीबद्ध कंपन्या असे गुणोत्तर देतात. मुंबईतल्या बड्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ते परिशिष्टात निमूट पडून असते.

२०२३ साली लंडन शेअर बाजाराच्या प्रमुख ज्युलिया हॉगेट यांनी उलटीच तक्रार केली. अमेरिकेपुढे इथले मोबदले तोकडे, म्हणून माणसे आणि कंपन्या तिकडे जातात. पुढच्या वर्षी त्या बाजाराची मालकी असलेल्या समूहाने आपल्या मुख्याधिकाऱ्याच्या मोबदल्याची कमाल मर्यादा दुपटीवर नेण्याचा ठराव मांडला. भागधारकांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर केला.