वाईट बातमी वर पोहोचतच नाही

चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या तळघरात अपरात्री अधिकाऱ्यांची बैठक बसली आहे. किरणोत्सर्ग किती? ताशी ३.६ रॉन्टजेन. आकडा ऐकून साहेबांचा जीव भांड्यात पडतो. खरं तर हाताशी असलेलं मापक त्यापुढचं काही दाखवूच शकत नव्हतं. तरीही तोच आकडा वरच्या वर चढत मॉस्कोपर्यंत जातो.

क्रेग मेझिन यांनी लिहिलेली ‘चेर्नोबिल’ ही २०१९ मधली पाच भागांची मालिका नेमकं हेच दुखणं उलगडते. २६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चौथी अणुभट्टी फुटली. त्यामागे रात्रपाळीच्या चुका होत्याच. पण भट्टीच्या रचनेतही खोट होती. आणीबाणीत भट्टी बंद करणाऱ्या नियंत्रक दांड्यांना ग्राफाइटचे भाग जोडलेले होते. त्यामुळे दांड्या आत शिरताना सुरुवातीचे काही क्षण प्रक्रिया मंदावण्याऐवजी भडकू शकत होती. म्हणजे ब्रेक दाबावा आणि गाडी सुसाट सुटावी! हा दोष १९८३ मध्येच लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात आढळला होता. मालिकेचं काही चित्रीकरणही तिथलंच. पण दोष कळूनही तो दूर झाला नाही. सोव्हिएत तंत्रज्ञान निर्दोष, हीच अधिकृत भूमिका होती.

प्रिप्यात हे जवळपास ५० हजार वस्तीचं शहर रिकामं करायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. २८ एप्रिलला स्वीडनमध्ये किरणोत्सर्ग सापडला, तेव्हा कुठे मॉस्कोने तोंड उघडलं. १ मे रोजी कीव्हमध्ये कामगारदिनाचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं. त्यात लहान मुलंही होती.

मालिकेचं मोठेपण असं, की ती याच समाजातली कर्तव्यनिष्ठाही दाखवते. भट्टीखाली शीतकरण यंत्रणा बसवता यावी म्हणून भुयार खणणाऱ्या खाणकामगारांचा सरकारवर काडीचा विश्वास नाही. तरी ते कंबर कसून उतरतात. ज्या शीतकरण यंत्रणेसाठी त्यांनी जीव धोक्यात घातला, ती प्रत्यक्षात कधी सुरूच करावी लागली नाही. साफसफाईसाठी पुढे सुमारे सहा लाख माणसं कामाला लावली गेली.

इतिहास म्हणून मात्र मालिका डोळे झाकून स्वीकारू नये. उलाना खोम्युक हे पात्र काल्पनिक आहे. अपघाताच्या खटल्यात शास्त्रज्ञ व्हॅलेरी लेगासोव्ह भर न्यायालयात रचनेतल्या दोषाचं सत्य सांगतात, तो प्रसंगही घडलेला नाही. १९८७ च्या त्या खटल्याला ते हजरच नव्हते. १९८६ मध्ये व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी मांडलेल्या अहवालात दोषाचं मुख्य खापर कर्मचाऱ्यांवरच फोडलेलं होतं. १९८८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. रचनेतल्या दोषाला आंतरराष्ट्रीय अहवालात ठळक स्थान मिळालं ते १९९२ मध्ये. तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता.

वास्तवात सत्य सांगणारा तो नायक न्यायालयात उभा राहिला नाही, ही गोष्ट मालिकेपेक्षाही भीषण आहे. म्हणून अणुकेंद्र कोणत्याही देशाचं असो, त्याच्या भिंतींची जाडी विचारण्याआधी एवढं विचारा: इथे वाईट बातमी वर कळवणाऱ्याला बढती मिळते की त्याची बदली होते?