भीड आणि धुरा



रोहण्यासारख्या गावात धुरा म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन शेतांमधला धुरा नीट असला म्हणजे दोन्हीकडचे शेतकरी त्यावर बसून शिदोरी सोडतात. भांडण लागते ते धुरा कोरला गेल्यावर. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकते, शेजारी भिडेखातर बोलत नाही, आणि दहा वर्षांनी मोजणी होते तेव्हा बोलणेचालणे बंद होऊन कोर्ट सुरू होते. माणसाच्या वेळेला, पैशाला, शरीराला व मनालाही असाच एक धुरा असतो. तो राखण्याचा शब्द अगदी लहान आहे : ‘नाही’. परंतु हा दोन अक्षरी शब्द उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

ती का अडखळते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण त्याची साक्ष आहे. भीड आणि दया या दोन गोष्टी आपण नेहमी एक समजतो, व तेथेच फसतो. दयेपोटी मदत करणाऱ्याचे लक्ष समोरच्याच्या गरजेकडे असते. भिडेपोटी मदत करणाऱ्याचे लक्ष स्वतःकडे असते : हा मला काय म्हणेल, चारचौघांत माझे नाव काय राहील. म्हणून दयेने दिलेल्याचा पश्चात्ताप सहसा होत नाही. भिडेने दिलेले मात्र वर्षानुवर्षे मनात सलते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. सोयरा कर्ज काढतो आणि म्हणतो, “भाऊजी, फक्त एक सही पाहिजे.” आपण जामीन राहतो. ही ‘फक्त सही’ कायद्याच्या दृष्टीने काय असते? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोकडून वसुली करून पाहावी व मगच जामीनदाराकडे यावे, असेही सर्वसाधारणपणे बंधन नसते. म्हणजे ज्या कर्जाचा पैसा आपल्या घरात आला नाही, त्याची नोटीस आपल्या दारावर लागू शकते. त्या एका क्षणाच्या भिडेची किंमत मग बायको व मुले देतात, आणि सोयरिकीतला गोडवाही उरत नाही. आपली ऐपत व तयारी दोन्ही असतील तर जामीन जरूर राहावे. नसतील तर त्या दिवशीचा नकार हाच नात्याचा खरा रक्षक होय.

कोणी म्हणेल, नकार हा स्वार्थी माणसाचा गुण आहे. पण ज्यांनी आयुष्य लोकांना वाहिले, त्यांनीही आपला धुरा राखला होता, आणि ती उदाहरणे आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहेत. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहावयास आले. देशभरचे लोक त्यांच्याकडे येत. तरीही सोमवारचे मौन ते पाळीत व अगदी आवश्यक ते चिठ्ठीवर लिहून देत. पवनारला विनोबांनी १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला, आणि २५ डिसेंबर १९७४ पासून पूर्ण एक वर्ष मौन पाळले. सारा देश पायी हिंडलेल्या माणसाने ‘आता येथून हलणार नाही’ असे ठरवले, याचा अर्थ त्याचे लोकांवरचे प्रेम आटले असा कोणी केला नाही.

कधी कधी नकाराची किंमत फार मोठी असते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८४ मध्ये पतीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये ‘नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा’ असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली. या खटल्याने उठलेल्या वादाला १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या इतिहासात मोठे स्थान आहे. एका बाईचे ‘नाही’ तिच्यापुरते राहिले नाही.

आता ‘नाही’ म्हणावे कसे? पहिली गोष्ट, ‘बघू’ म्हणू नये. आपल्याला वाटते की ‘बघू’ म्हणजे सौम्य नकार. समोरच्याला वाटते की तो होकार आहे, आणि तो दुसरीकडे प्रयत्न करावयाचे थांबतो. खरोखर विचार करावयाचा असेल तर ‘परवा सकाळी सांगतो’ म्हणावे व परवा सकाळी सांगावे. दुसरी गोष्ट, खोटे कारण देऊ नये. ‘आज घरी पाहुणे आहेत’ म्हटले की ‘मग उद्या येतो’ हे उत्तर तयारच असते. ‘जामीन राहणे मला जमणार नाही’ इतके पुरे. तिसरी गोष्ट, जे देता येईल ते मोकळेपणाने सांगावे : ‘जामीन राहत नाही, पण तुझ्याबरोबर बँकेत येतो, कागद वाचून देतो.’ चौथी गोष्ट, नकार कामाला द्यावा, माणसाला देऊ नये. आवाज चढविण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ‘नाही’ म्हणणे सर्वांना सारखे सोपे नसते. सालदाराने मालकाला नकार दिला तर त्याची चूल विझू शकते. सुनेने दिला तर घर अंगावर येते. अशा ठिकाणी नुसता धीराचा उपदेश अपुरा पडतो. तेथे कायद्याचा आधार लागतो, आणि वेठबिगारी नष्ट करणारा १९७६ चा कायदा त्यासाठीच झाला. पण कायद्याच्याही आधी लागते ते ऐकणाऱ्याचे मन. आपण मुलांना ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ असे शिकवितो. तेच मूल नकोसा स्पर्श झाला असता गप्प राहते, तेव्हा दोष कोणाचा?

म्हणून घरी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात. उद्या एक ‘नाही’ शांतपणे म्हणून पाहावे. आणि आपल्या हाताखालच्या, वयाने लहान असलेल्या कोणाचे तरी एक ‘नाही’ रागावल्याशिवाय ऐकून घ्यावे. यांतली दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. धुरा दोघांचा असतो. तो एकट्याला राखता येत नाही.