साडीतून पिशवी

धुळ्याच्या देवपुरातल्या भाजीच्या गाडीवर कॅरीबॅग मागावी लागत नाही. पावशेर मिरची तराजूतून उतरेपर्यंत गाडीला टांगलेल्या जुडग्यातून एक पिशवी ओढलेली असते, कोथिंबिरीसाठी लगेच दुसरी. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून दंड लागू झाला: पहिल्या वेळी ५ हजार रुपये, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग देशभर बंद आहे. तरीही ती गाडीवर टिकून राहते, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते आणि ‘पिशवी नाही’ म्हटले की पुढच्या गाडीकडे वळते. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या भाजीवाल्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे आहे. गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी असणे हाच यावरचा खरा उपाय, आणि ती घरच्या जुन्या कापडातून शिवता येते.

पातळ पिशवीचा उपद्रव तिच्या हलकेपणातून सुरू होतो. भंगारवाला वजनावर पैसे देतो. एक पिशवी ५ ग्रॅमची धरली तर किलो भरायला २०० वेचाव्या लागतात, त्याही चिखलाने आणि खरकट्याने बरबटलेल्या. जाड, स्वच्छ प्लॅस्टिकला मागणी असते. जळगावच्या चटई उद्योगात जुन्या प्लॅस्टिकचे दाणे वापरले जातात. कॅरीबॅग मात्र कोणी वेचत नाही. ती वाऱ्याने उडते आणि जुने धुळे व देवपूर यांच्यामधून वाहणाऱ्या पांझरेत जाते. वर्षातला बराच काळ पात्रात पाणी कमी असते, तेव्हा ती काटेरी झुडपांना अडकून राहते. पुराच्या पाण्यात सुटते आणि मुडावदजवळ तापीत, तापीबरोबर सुरतेच्या पुढे समुद्रात पोचते. खरकटे भरून गाठ मारलेली पिशवी गाय गाठीसकट गिळते. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यातच साचत राहते. रवंथ करताना वर येत नाही, शेणावाटेही पडत नाही. जनावर हळूहळू खंगत जाते.

पिशवीसाठी जुनी साडी आधी उजेडासमोर धरून पाहतात. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या काठाला ती विरलेली असते. तेवढा भाग सोडायचा. फॉल उसवून ठेवायचा, तो बंदाच्या आत घालायला उपयोगी पडतो. साडी साडेपाच मीटर लांब आणि पन्ह्याला ४५ इंच असेल, तर पन्ह्यातले ३७ इंच पिशवीला आणि उरलेली ८ इंचांची पट्टी बंदांना जाते. बंद साडीच्या लांबीच्या दिशेनेच कापावेत, कारण ओझ्याखाली उभा धागा कमी ताणतो. पिशवीचे तुकडे १६ इंच रुंदीचे. विरलेला भाग वगळूनही एका साडीत नऊ-दहा पिशव्या बसतात.

तुकडा मधोमध दुमडला की तळाला घडी येते, शिवण येत नाही. बाजूंना आधी सुलट बाजूने अगदी काठाजवळ टीप घालतात, मग पिशवी उलटवून दुसरी टीप. त्यामुळे कापडाच्या कडा आत बंद होतात आणि धागे सुटत नाहीत. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दाबून शिवले की बूड पसरट होते. तोंड दीड इंच दुमडायचे. बंदाची पट्टी ४ इंच रुंद, २० इंच लांब. तिची चौपदरी घडी घातली की इंचभर रुंदीचा बंद तयार होतो. इतका रुंद बंद बोटांना काचत नाही. खरे कसब पुढे आहे. पिशवी कापडात क्वचित फाटते, बहुतेक वेळा बंदाच्या मुळाशी उसवते. म्हणून बंदाचे टोक काठाच्या घडीत पूर्ण उतरवून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली शिवतात. घाईत एकच आडवी टीप मारलेली पिशवी पाच किलो कांद्यांनाही दगा देते.

दुकानात मिळणारी ‘कापडी’ पिशवी पुष्कळदा नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्यात उभा-आडवा धागा दिसत नाही, काडी लावली तर ती वितळते. ती प्लॅस्टिकच आहे. नव्या सुती पिशवीचाही हिशेब तपासावा लागतो: ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार, तापमानवाढीच्या बाबतीत एकदाच वापरलेल्या प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवायला आणि सूत-कापड करायला बरेच काही खर्ची पडते. कापसाच्या खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. जुन्या साडीत तो खर्च आधीच होऊन गेलेला असतो. साडी कृत्रिम धाग्याची असली तरी नवे प्लॅस्टिक तयार होत नाही, एवढा फायदा पक्का.

शिवलेली पिशवी खुंटीवर राहिली तर कामाची नाही. बाजार बहुधा कामावरून परतताना होतो, म्हणून एक स्कूटरच्या डिकीत आणि एक ऑफिसच्या बॅगेत घडी करून ठेवावी. कांदे-बटाटे तळाला, वांगी त्यावर, टोमॅटो वर. मिरची, आले, लिंबू यांसाठी उरलेल्या तुकड्यांच्या नाडीवाल्या छोट्या थैल्या पुरतात; त्या तशाच तराजूत ठेवता येतात, वजन नगण्य असते. ओली मेथी कापडातच बरी राहते, प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून लवकर सडते. पिशवी पंधरवड्यातून धुवावी आणि बंदाची टीप सैल दिसताच पुन्हा मारून घ्यावी.

पातळ पदार्थांना मात्र कापड चालत नाही. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा, दही, ताक, मटण यांच्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच हवा. गरम, तेलकट रस्सा पातळ प्लॅस्टिकमध्ये बांधून नेणे तब्येतीलाही बरे नाही. शेवभाजीला दोन डबे लागतात, एक रश्शाला आणि एक शेवेला, कारण शेव जेवताना ऐनवेळी घातली तरच तिचा लगदा होत नाही.