दारावरचे नाव, फायलीतले कारण

मसुरीच्या अकादमीत प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झालो, तेव्हा लोकप्रशासनाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर एक नाव लिहिले गेले : वुड्रो विल्सन. १८८७ साली त्यांनी लिहिलेला प्रशासनाच्या अभ्यासाविषयीचा निबंध म्हणजे या विद्याशाखेचा आरंभ, असे आम्हाला सांगण्यात आले. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. पहिले महायुद्ध, चौदा कलमे, राष्ट्रसंघ या वाटेने विल्सन मला आधीच भेटले होते; तेच गृहस्थ आपल्या नव्या व्यवसायाचेही आद्य पुरुष निघावेत याचे अप्रूप वाटले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी ज्यांनी लोकप्रशासन हा विषय निवडला आहे, त्यांना विल्सन यांच्या प्रशासनविषयक दृष्टीचा मुद्दा आजही अभ्यासावा लागतो.

पुढे सेवेच्या मध्यावर अभ्यासरजा घेऊन मी वर्षभर प्रिन्स्टन विद्यापीठात राहिलो. ज्या संस्थेत शिकलो तिला नाव विल्सन यांचेच होते. १९३० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला १९४८ साली ते देण्यात आले. उंच पांढऱ्या खांबांची इमारत, समोर पाण्याचा हौद आणि कारंजे. त्या खांबांखालून मी वर्षभर ये-जा केली. पण विल्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा तिथल्या सरकारी कचेऱ्यांत काय घडले, हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. सरकारी नोकराला खरे तर तोच आधी सुचायला हवा होता.

यादवी युद्धानंतरच्या दशकांत वॉशिंग्टनच्या संघीय कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना जागा मिळाली होती. टपाल खाते आणि कोषागार खाते यांत ते गोऱ्या सहकाऱ्यांसोबत काम करत. काही जण वरिष्ठ पदांवरही होते. मार्च १९१३ मध्ये विल्सन अध्यक्ष झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या टपालमंत्र्याने मंत्रिमंडळात वर्णानुसार कर्मचाऱ्यांच्या विभागणीचा विषय काढला. विल्सन यांनी ती होऊ दिली. कचेऱ्यांत पडदे उभे राहिले, जेवणाच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे वेगळी झाली. १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. ते कशासाठी, हे कोणत्याही आस्थापना शाखेतला कारकून सांगू शकेल. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९१२ च्या निवडणुकीत विल्सन यांना पाठिंबा दिला होता. पुढच्याच वर्षी त्यांना अध्यक्षांना अनावृत पत्र लिहावे लागले. ज्याचे काम वेगळे काढता येत नव्हते अशा एका कारकुनाभोवती पिंजऱ्यासारखे कुंपण घातल्याचा उल्लेख त्या पत्रात आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन अध्यक्षांना भेटले. ही विभागणी दोन्ही वर्णांतील संघर्ष टाळण्यासाठी आहे, असे विल्सन यांनी सांगितले; ट्रॉटर यांनी तोंडावर प्रतिवाद केला तेव्हा त्यांचा सूर आवडला नाही म्हणून भेट आटोपती घेण्यात आली.

‘त्या काळाच्या मापाने माणूस मोजावा’ असा युक्तिवाद अशा वादांत नेहमी होतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तो मला मान्यही आहे. पण ट्रॉटर त्याच काळातले होते. डुबॉइसही. काळाचे माप घ्यायचे तर ते दोघांकडूनही घेतले पाहिजे.

त्याच १९१३ सालच्या जुलैत बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेतलेला एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. प्रिन्स्टन तिथून रेल्वेने काही तासांचेही अंतर नाही. १९१७ साली हा तरुण शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याच्या सेवेत रुजू झाला, तेव्हा शिपाई त्याच्या टेबलावर दुरून फायली फेकत आणि कचेरीत त्याला पिण्याचे पाणी मिळत नसे. बाबासाहेब आंबेडकरांचे ते दिवस मराठी वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. सांगायचे आहे ते एवढेच की, बडोद्यात राजा उदार होता आणि कचेरी कर्मठ. वॉशिंग्टनमध्ये कचेरी बऱ्यापैकी चालली होती आणि भिंत वरून आली. प्रशासनशास्त्राच्या जनकाने ती येऊ दिली. कचेरीतल्या माणसाला दोन्हींचा अर्थ एकच लागतो.

भारताला विल्सन यांचे दुसरे रूप ठाऊक होते. स्वयंनिर्णयाच्या त्यांच्या भाषेने १९१८ साली आपल्याकडे केवढी आशा निर्माण केली होती! त्या वर्षाअखेरच्या दिल्ली काँग्रेसने ते तत्त्व हिंदुस्थानला लागू करावे अशी मागणी केली आणि शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांचे नाव सुचवले. टिळकांनी लंडनहून विल्सन यांना पत्र पाठवले. चिटणिसाकडून सौजन्याचे उत्तर आले आणि विषय तिथेच राहिला. एप्रिल १९१९ मध्ये राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचा उल्लेख असावा असा जपानचा प्रस्ताव आला. सतरापैकी अकरा मते अनुकूल पडली. एकमत नाही म्हणून तो फेटाळला गेला असा निर्णय अध्यक्षस्थानावरून विल्सन यांनी दिला. त्या वर्षाचे शांततेचे नोबेल त्यांनाच मिळाले.

हे सर्व इतिहासकारांना पूर्वीपासून माहीत होते. दारावरच्या नावाला त्याची झळ लागली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विद्यापीठाध्यक्षांच्या कार्यालयात बत्तीस तास ठिय्या दिला. विल्सन हे १९०२ ते १९१० या काळात या विद्यापीठाचेही अध्यक्ष होते आणि त्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तिथे प्रवेश नव्हता, याचीही त्यांनी आठवण दिली. विश्वस्तांनी समिती नेमली. विल्सन यांच्या अभ्यासकांकडून लेखी मते मागवून ती प्रसिद्ध केली, विद्यार्थ्यांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकले. एप्रिल २०१६ मध्ये निर्णय दिला : नाव राहील, पण यापुढे त्यांच्या दोषांविषयी विद्यापीठ मोकळेपणाने बोलेल. त्यानुसार २०१९ मध्ये इमारतीसमोरच्या चौकात एक शिल्प उभे राहिले. एकमेकांना टेकलेले दोन स्तंभ. त्यांवर विल्सन यांची आणि त्यांच्या टीकाकारांची वचने. मध्यममार्ग म्हणून मला तो उत्तम वाटला होता.

तो वर्षभरही टिकला नाही. मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर, जून २०२० मध्ये, त्याच विश्वस्तांनी संस्थेवरून आणि एका निवासी महाविद्यालयावरून नाव काढले. जनक्षोभापुढे मान तुकवली, असे म्हणणारे होते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु अध्यक्ष क्रिस्टोफर आइसग्रूबर यांनी दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. विल्सन यांचा वंशवाद त्यांच्या काळाच्या मापानेही गंभीर होता, असे ते म्हणतात. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांचे पुतळे त्या समर्थनासाठीच उभारले गेले; विल्सन यांचा गौरव मात्र त्यांच्या वंशवादासाठी झाला नव्हता, त्याकडे दुर्लक्ष करून झाला होता, हा फरकही ते मान्य करतात. आणि नेमके ते दुर्लक्षच चुकीचे होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रशासकीय भाषेत याला सकारण आदेश म्हणतात. २०१६ चा निर्णयही सकारण होता. दोन्ही निर्णय परस्परविरोधी असले, तरी दुसरा घेणाऱ्याला पहिल्यातील कारणांना उत्तर द्यावे लागले.

एक बारीकसा तपशील मला विशेष वाटतो. माजी विद्यार्थ्याला दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराला विल्सन यांचे नाव कायम राहिले, कारण देणगीच्या कराराने विद्यापीठ त्याला कायदेशीररीत्या बांधलेले होते. ही विसंगती त्यांनी लपवली नाही, लिहून ठेवली.

अभ्यासक्रमातून विल्सन गेले नाहीत, जाऊही नयेत. त्या निबंधातच त्यांनी एक दाखला दिला आहे : खुनी माणूस सुरीला धार कशी लावतो ते पाहून आपल्याला धार लावणे शिकता येते, त्यासाठी त्याचा हेतू उसना घ्यावा लागत नाही. राजेशाहीतली कार्यपद्धती लोकशाहीने उचलण्याच्या समर्थनासाठी त्यांनी तो वापरला होता. तो त्यांनाच लागू पडावा हा योग विलक्षण आहे. निबंध वाचावा, धार लावायला शिकावे. दारावर नाव कोरणे हे मात्र वेगळे काम आहे. त्या दारातून ज्याला रोज आत जायचे आहे, त्याला संस्था काही तरी सांगत असते.

आपल्याकडे वळताना मला लखनऊ आठवते. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९०५ मध्ये युवराज, म्हणजे पुढचे पाचवे जॉर्ज, यांच्या हस्ते बसली आणि संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. ते विद्यापीठ झाल्यावर मायावती सरकारच्या काळात त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. २०१२ साली अखिलेश यादव सरकारने ते काढून पुन्हा किंग जॉर्ज यांचे नाव लावले. शाहू महाराजांचा त्या प्रदेशाशी संबंध नाही, असे तेव्हा अनेक सुशिक्षितांनी मला ऐकवले. त्यांना ‘राजर्षी’ ही पदवी १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी परिषदेने दिली, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. विल्सन यांच्या कचेऱ्यांत पडदे लागले त्याच्या अकरा वर्षे आधी, जुलै १९०२ मध्ये, या राजाने कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून कचेरीची दारे उघडली होती. नाव बदलण्याचे याहून भक्कम कारण कुणाला हवे होते? पण चर्चा झाली ती कोणत्या पक्षाचे नाव लागले आणि कोणत्या पक्षाने काढले याचीच. पाचव्या जॉर्ज यांच्या बाजूनेही, संस्थेची ओळख आणि माजी विद्यार्थ्यांची सवय यापलीकडे फारसे काही मांडले गेले नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराविषयी बाहेरच्या माणसाने जपून बोलावे. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ यांच्या दरम्यान काय काय सोसावे लागले, ते तुम्ही जाणता. मला त्यात एवढे दिसते की तिथे कारण रस्त्यावर, जळालेल्या वस्त्यांत आणि लाँग मार्चमध्ये लिहिले गेले, म्हणून ते कोणाला पुसता आले नाही.

गावांची आणि रेल्वे स्थानकांची नावे बदलण्याविषयी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या १९५३ सालच्या सूचना आहेत. विशेष कारण असल्याखेरीज लोकांच्या सवयीचे नाव बदलू नये, असा त्यांचा सूर आहे. त्या किती पाळल्या जातात हा भाग सोडा. विद्यापीठातल्या सभागृहांना आणि वसतिगृहांना मात्र त्या लागू नाहीत. तिथे कार्यकारी परिषदेचा दोन ओळींचा ठराव पुरतो, आणि त्याआधी वरून आलेला एक दूरध्वनी.

हे मी ऐकीव सांगत नाही. उच्च शिक्षण खात्यात उपसचिव असताना माझ्याकडे एक अर्ज आला. एका विद्यापीठातील वसतिगृहाला एका जमीनदाराचे नाव होते. जागा आणि इमारतीचा पैसा त्याचा. अर्ज करणारे विद्यार्थी त्याच जमीनदारीतल्या गावांचे होते. आमच्या आजोबांनी या घराण्याच्या शेतांवर बेगार केली, त्याच्या नोंदी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात आहेत, त्या तपासाव्यात आणि मग नावाचा विचार करावा, एवढीच त्यांची मागणी होती. नाव कोणाचे द्यावे हेही त्यांनी सुचवले नव्हते. रेघांच्या कागदावरचा अर्ज, खाली सतरा सह्या. मी टिपणी लिहिली ती तीन ओळींची : देणगीदाराप्रति संस्थेने कृतज्ञ राहणे उचित आहे, मागणीस सबळ आधार दिसत नाही, प्रकरण बंद करावे. आधार कुठे आहे हे अर्जातच लिहिलेले होते. जिल्ह्याला पत्र पाठवून नोंदी मागवायला मला दहा मिनिटे लागली असती, आणि मी तर इतिहास शिकलेला माणूस.

काही वर्षांनी मी त्याच खात्याचा सचिव झालो. सरकार बदलले होते. एका सकाळी सूचना आली आणि संध्याकाळपर्यंत त्या वसतिगृहाला सत्तारूढ पक्षाच्या एका दिवंगत नेत्याचे नाव देणारा आदेश निघाला. आदेशात एकच वाक्य होते, सक्षम प्राधिकाऱ्याने निर्णय घेतल्याचे. खाली माझी सही. बेगारीचा उल्लेख नाही, देणगीचा नाही, त्या सतरा जणांचा तर नाहीच. जमीनदाराच्या वारसांनी वर्तमानपत्रात निषेध नोंदवला; त्यांनाही आपण कशाचा निषेध करतो आहोत हे कळायला मार्ग नव्हता.

त्या वेळी सचिव म्हणून मला निदान इतके लिहिता आले असते : देणगी किती, कोणत्या अटींवर, नाव कोणी आणि का दिले, आक्षेप काय, त्याला कागदोपत्री पुरावा कोणता, त्या काळात त्या माणसाविरुद्ध कोणी बोलले होते का, आणि नाव गेले तरी देणगीची नोंद इमारतीत कुठे राहील. दोन पानांचे काम. निर्णय कदाचित तोच झाला असता. पुढच्या सरकारला तो फिरवण्यापूर्वी ती दोन पाने वाचावी लागली असती. आज अफूच्या व्यापारातून आलेल्या देणग्यांचा किंवा जुन्या संस्थानिकांचा प्रश्न एखाद्या विद्यापीठात कोणी विचारला, तर त्यालाही याच दोन पानांपासून सुरुवात करावी लागेल. उत्तरे आपल्या आवडीची येतीलच असे नाही.

निवृत्तीनंतर एका व्याख्यानाची तयारी करताना मला ती जुनी फाईल पाहावीशी वाटली. ओळखीच्या एका कक्ष अधिकाऱ्याने आढेवेढे न घेता शोध घेतला आणि आठवड्याने दूरध्वनी केला. नव्या नावाच्या आदेशाची प्रत कायम अभिलेखात आहे. विद्यार्थ्यांच्या अर्जाची फाईल अल्पमुदतीच्या वर्गात टाकलेली होती, ती मुदत संपल्यावर नियमानुसार नष्ट करण्यात आली. वर्गीकरण कोणी केले होते, असे मी विचारले. फाईल बंद करताना ते संबंधित अधिकारीच करतो ना साहेब, असे तो म्हणाला.